चंद्रावरील काळा पाषाण

कोजागिरीच्या रात्रीं आटीव दुधाचा पेला हातीं घेऊन आपण चंद्राकडे पाहतों, तेव्हां त्याच्या बिंबावरील काळसर डाग कोणाच्याहि नजरेंतून सुटत नाहींत. आपल्या पूर्वजांनीं त्या डागांत ससा पाहिला, हरिण पाहिलें, आणि शशांक व मृगांक अशीं गोड नांवें चंद्रास दिलीं. युरोपांतील ज्योतिष्यांस तेच डाग सागरांसारखे वाटले, इ. स. १६५१ मध्यें रिच्चोलीनें आपल्या ग्रंथांत त्यांस ‘शांततेचा सागर’, ‘वादळांचा महासागर’ अशीं नांवें दिलीं व तीं अद्यापि चालूं आहेत. तेथें ससाहि नाहीं व सागरहि नाहीं, हें आज चौथींतील मुलासहि ठाऊक असतें. परंतु ‘मग तेथें आहे तरी काय?’ असा उलट प्रश्न त्या मुलानें विचारला, तर घरांतील शिकल्यासवरलेल्या वडील मंडळींपैकीं किती जणांस त्याचें समाधान करतां येईल, याची आम्हांस शंका आहे. तोच प्रश्न आज आपण या सदरांत हातीं घेऊं.

उत्तर एका वाक्यांत सांगावयाचें तर असें कीं, ते डाग म्हणजे थिजलेल्या शिलारसाचीं विस्तीर्ण मैदानें होत. चंद्राच्या पोटांतून वर आलेला तप्त रस सखल भागांत पसरला, निवाला, आणि त्याचा काळा पाषाण झाला. शास्त्रज्ञ त्यास बेसॉल्ट म्हणतात. आपला सह्याद्रि, वेरूळचें कैलास लेणें, गडांचे तट आणि आपल्या स्वयंपाकघरांतील पाटा-वरवंटा हीं सारीं याच जातीच्या दगडाचीं. म्हणजे महाराष्ट्रांतील माणूस चंद्रावरील डाग पाहतो, तेव्हां तो एका अर्थीं ओळखीचाच दगड पाहत असतो. मात्र हें साम्य जितकें खरें, तितकाच भेदहि खरा आहे. आणि चंद्राचा पूर्वेतिहास उलगडला तो मुख्यतः या भेदावरून.

हें ज्ञान सहजासहजीं मिळालें नाहीं. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठ्या पंडितांत या बाबतींत मतभेद होता. राल्फ बाल्डविन या अमेरिकन संशोधकानें १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत, चंद्रावरील सागर शिलारसाचे आहेत, असें प्रतिपादन केलें. उलट, नोबेल पारितोषिकाचे मानकरी रसायनशास्त्रज्ञ हॅरोल्ड युरी यांचा कल असा कीं, चंद्र हा मुळापासून थंड पिंड असावा. हा वाद नुसत्या बोलण्यानें मिटण्यासारखा नव्हता. प्रत्यक्ष दगडाचीच साक्ष काढणें अवश्य होतें. सप्टेंबर १९६७ मध्यें सर्व्हेयर-५ हें निर्मनुष्य यान शांततेच्या सागरांत उतरलें. त्याजवर अँथनी टर्केविच यांनीं योजिलेलें एक उपकरण होतें. त्यांतून सुटणारे अल्फा कण मातीवर आदळून परत फिरत, आणि परतलेल्या कणांच्या शक्तीवरून त्या मातींत कोणतीं मूलद्रव्यें आहेत, याचा हिशेब मांडतां येई. हिशेब बेसॉल्टशीं जुळला. पुढें २० जुलै १९६९ रोजीं आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन हे त्याच सागरांत उतरले आणि सुमारें साडेएकवीस किलो दगडमाती घेऊन परतले. त्यांत वायूच्या बुडबुड्यांचीं बारीक छिद्रें असलेला काळा बेसॉल्ट स्पष्टच होता. चंद्र कधीं तापलाच नाहीं, ही कल्पना त्या दगडांपुढें टिकली नाहीं.

१९६९ ते १९७२ या अवधींत अमेरिकेच्या सहा मोहिमांनीं मिळून ३८२ किलो नमुने आणले. सोव्हिएत रशियाच्या तीन यंत्रयानांनीं १९७०, १९७२ व १९७६ सालीं थोडी माती आणली. तिघांची मिळून ती एक तृतीयांश किलोहि भरत नाहीं. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षें खंड पडला. डिसेंबर २०२० मध्यें चीनच्या चांगए-५ नें १७३१ ग्रॅम, आणि जून २०२४ मध्यें चांगए-६ नें चंद्राच्या पलीकडील, म्हणजे पृथ्वीवरून कधींच न दिसणाऱ्या बाजूवरून, १९३५ ग्रॅम नमुने आणले. चंद्रावर कोणी गेलेंच नाहीं, तें सारें नाटक होतें, असें म्हणणारे गृहस्थ अद्यापि क्वचित् आपल्या बैठकींत भेटतात. त्यांच्याशीं वाद घालण्यापेक्षां त्यांस एवढेंच विचारावें कीं, परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेल्या या राष्ट्रांनीं निरनिराळ्या वेळीं आणलेल्या दगडांचे गुणधर्म एकमेकांशीं कसे जुळावे?

आतां या दगडाची घडण पाहूं. सूक्ष्मदर्शकाखालीं त्याचा पातळ काप धरला, कीं त्यांत चार मुख्य खनिजें दिसतात. पहिलें पायरोक्सीन; यांत लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम व सिलिका असतात. दुसरें प्लेजिओक्लेज, हें पांढुरकें असून कॅल्शियम, ॲल्युमिनियम व सिलिका यांचें बनलेलें असतें. तिसरें ऑलिव्हीन, तें हिरवट व जड. चौथें इल्मेनाइट; लोह आणि टिटॅनियम यांचें काळें खनिज. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंत जें सांपडतें, तेंच हें इल्मेनाइट. या चौघांखेरीज एक नवें खनिज पहिल्या मोहिमेच्या दगडांतच सांपडलें. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन व कॉलिन्स या तिघांच्या नांवांचीं आद्याक्षरें गुंफून त्यास आर्माल्कोलाइट असें नांव देण्यांत आलें.

खनिजें बहुतेक ओळखीचीं. पण त्यांतील द्रव्यांचें प्रमाण मात्र वेगळें. दख्खनच्या पाषाणांत शंभर भागांपैकीं लोहाचें ऑक्साइड साधारण बारा-तेरा भाग असतें. चंद्राच्या सागरी पाषाणांत तें वीस भागांच्या आसपास जातें. टिटॅनियमचें ऑक्साइड आपल्याकडे सामान्यतः दोन-तीन भाग. शांततेच्या सागरांतील कित्येक दगडांत तें दहा-बारा भागांपर्यंत आढळलें. चंद्रावर सर्वत्रच असें आहे असें नव्हे. दुसऱ्या ठिकाणच्या दगडांत टिटॅनियम दोन-चार भाग, कोठें एकच भाग. उलट, सोडियमचें ऑक्साइड आपल्या दगडांत दोन-अडीच भाग असतें, तर चांद्र दगडांत जेमतेम अर्धा भाग. उष्णतेनें लवकर उडून जाणारीं द्रव्यें चंद्रावर एकंदरीनें कमीच. प्राणवायूचीहि तीच टंचाई. म्हणून त्या दगडांत शुद्ध धातुरूप लोहाचे बारीक कण आढळतात, आणि ते गंजलेले नसतात.

आपल्याकडे दगडावर पाऊस पडतो, ऊन-वारा लागतो. त्यानें तो कुजतो, आणि त्याचीच कपाशीची काळी जमीन होते. चंद्रावर बारीक उल्कांच्या माऱ्यानें दगडाचा भुगा होतो खरा, परंतु जो दगड शाबूत राहिला, त्याच्या आंतील स्फटिक साडेतीन अब्ज वर्षांनंतरहि काल घडल्यासारखे लखलखीत असतात. पृथ्वीवर इतक्या पुरातन काळचे दगड सांपडतात ते फार थोडे, आणि तेहि बहुधा दाबाखालीं व उष्णतेनें रूप पालटलेले. आपल्या ग्रहाच्या बालपणाचें दप्तर येथें गहाळ झालें. चंद्रावर मात्र तें शिल्लक आहे. चंद्राच्या दगडांचें खरें मोल यांत आहे.

त्या दप्तरांतील सर्वांत मौजेचा पुरावा युरोपियम नांवाच्या एका विरळ मूलद्रव्याचा आहे. विरळ मृद्धातु म्हणून जो पंधराएक मूलद्रव्यांचा समूह आहे, त्यांतील भावंडें बहुधा एकत्र वावरतात. युरोपियम तेवढें अपवाद. प्राणवायूची टंचाई असली, कीं तें आपल्या भावंडांस सोडून कॅल्शियमची जागा घेतें आणि प्लेजिओक्लेज या पांढऱ्या खनिजांत जाऊन बसतें. काळ्या सागरी दगडांचें पृथक्करण केलें, तेव्हां त्यांत इतर भावंडें यथास्थित, पण युरोपियम मात्र कमी भरलें. घरच्या वहींत एका खात्यास रक्कम कमी पडली, तर सुज्ञ गृहिणी ती दुसऱ्या कोणत्या खात्यांत गेली हें पाहते. शास्त्रज्ञांनींहि तेंच केलें. शांततेच्या सागरांतील मातींत कांहीं पांढऱ्या दगडाच्या कपच्या सांपडल्या होत्या. तो दगड ॲनॉर्थोसाइट. जवळजवळ सगळा प्लेजिओक्लेजचाच बनलेला. त्यांत युरोपियम अधिक निघालें. एका खात्यांतील तूट दुसऱ्या खात्यांत जमा होती!

यावरून १९७० सालीं एक धाडसी अनुमान पुढें आलें. आरंभीं चंद्राचा वरचा शेंकडों किलोमीटर खोलीचा थर पूर्णपणें वितळलेला असावा. जणूं शिलारसाचा एक महासागर. तो निवूं लागला, तसे ऑलिव्हीन व पायरोक्सीन यांचे जड स्फटिक तळाशीं बसूं लागले. पुढें प्लेजिओक्लेजचे स्फटिक जमूं लागले; ते रसापेक्षां हलके असल्यानें, दुधावर साय धरावी तसे वर तरंगले. त्या सायीचें कवच झालें; आज चंद्राचे जे उजळ, पांढरे, डोंगराळ प्रदेश दिसतात, ते हेंच कवच. युरोपियम त्या सायीबरोबर वर निघून गेलें; म्हणून खालीं राहिलेल्या गाळांत त्याची तूट आली. सरतेशेवटीं जो थोडा रस उरला, त्यांत कोणत्याहि स्फटिकांत सहज न मावणारीं द्रव्यें सांचलीं: पोटॅशियम, विरळ मृद्धातु, फॉस्फरस, आणि त्यांबरोबर युरेनियम व थोरियम.

काळा पाषाण यानंतरचा. युरेनियम, थोरियम व पोटॅशियम हीं किरणोत्सर्गी द्रव्यें हळूहळू उष्णता सोडीत असतात. त्या उष्णतेनें कोट्यवधि वर्षांनीं आंतील गाळ पुन्हां अंशतः वितळला. हा दुसऱ्यांदा झालेला रस लोहानें भरलेला. परंतु तो अत्यंत पातळ असल्यामुळें भेगांवाटे वर आला, आणि प्राचीन उल्कापातांनीं पाडलेल्या प्रचंड खोलगट खड्ड्यांत तेलासारखा दूरवर पसरला. ज्या गाळांतून तो निघाला त्यांतच युरोपियमची तूट होती. म्हणून ती तूट त्या रसांतहि उतरली. चंद्राच्या सबंध पृष्ठभागापैकीं शेंकडा सुमारें सतरा भाग या पाषाणानें झांकला आहे, व तोहि मुख्यतः आपल्याकडील बाजूस. पलीकडील बाजूचें कवच अधिक जाड असून, उष्णता देणारीं द्रव्येंहि मुख्यतः अलीकडेच एकवटलीं आहेत. या भेदाचीं कारणें शोधण्याचें काम अद्यापि चालूं आहे.

काळाचा हिशेब किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयावरून करतात. अमेरिकेनें आणलेल्या सागरी पाषाणांचें वय बहुतेक ३.१ ते ३.९ अब्ज वर्षें निघालें. त्यावरून पुष्कळ वर्षें असा समज होता कीं, चंद्राची आंतील आग लौकरच विझली. चांगए-५ नें आणलेला बेसॉल्ट मात्र सुमारें दोन अब्ज वर्षांचाच निघाला! बरें, त्यांत उष्णता देणारीं द्रव्यें विशेष सांचलीं असावींत म्हणावें, तर ज्या थरांतून तो रस आला त्या थरांत तींहि फारशीं नव्हतीं आणि पाणीहि नव्हतें. लहानसा पिंड लौकर निवतो, हा साधा नियम. मग एवढ्या काळपर्यंत ही ऊब कशानें टिकली? कमी उष्णतेंत वितळणारीं द्रव्यें त्या थरांत मिसळलीं असावींत, असें एक उत्तर सुचविण्यांत आलें आहे. त्याहून नवलाची गोष्ट २०२४ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच मातींतील सुमारें तीन हजार काचमण्यांची छाननी केली असतां तीन मणी ज्वालामुखीचे व अवघे बारा कोटि वर्षांपूर्वींचे निघाले. आपला दख्खनचा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. चंद्राच्या मानानें बारा कोटि वर्षें म्हणजे कालपरवाचीच गोष्ट.

आतां पाण्याची हकीकत. डिसेंबर १९७२ मध्यें अपोलो-१७ मोहिमेंत भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट यांस एका विवराच्या कांठावर चक्क नारिंगी माती दिसली. ती म्हणजे शिलारसाच्या कारंज्यांतून उडालेल्या थेंबांची बनलेली अत्यंत बारीक काच होती. दगडांत पाणी धरून ठेवणारीं खनिजें सांपडत नव्हतीं. त्यामुळें चंद्राचें अंतरंग ठणठणीत कोरडें, हा सिद्धांत पाठ्यपुस्तकांत स्थिरावला होता. २००८ सालीं आल्बर्टो साल व त्यांचे सहकारी यांनीं अधिक सूक्ष्म उपकरणानें असेच काचमणी पुन्हां तपासले, तों त्यांत पाण्याचा अंश मिळाला. २०११ सालीं त्या नारिंगी मातींतील ऑलिव्हीनच्या स्फटिकांत कोंडून राहिलेले रसाचे थेंब तपासण्यांत आले. त्यांत दहा लक्ष भागांस ६१५ ते १४१० भाग पाणी निघालें. सारा चंद्र आंतून असाच ओला आहे, असें मात्र नव्हे. दुसऱ्या थरांतून आलेले दगड फारच कोरडे आहेत. पण ‘मुळींच नाहीं’ हा निकाल रद्द झाला. मंगळाएवढा एक पिंड बाल पृथ्वीवर आदळून उडालेल्या द्रव्यांतून चंद्र झाला, हें मत आज बहुसंमत आहे. पृथ्वी व चंद्र या दोहोंच्या दगडांतील प्राणवायूच्या प्रकारांचें प्रमाण जवळजवळ एकच आहे, हा त्याचा मोठा आधार. तथापि एवढ्या भयंकर उष्णतेंतून हें पाणी वांचलें कसें, याचा जबाब आतां त्या मतास द्यावा लागतो.

या शोधांत आपल्या देशाचाहि हात आहे, हें सांगावयास समाधान वाटतें. चंद्रयान-१ वरील उपकरणाच्या साह्यानें चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याचे अंश असल्याचें २००९ सालीं जाहीर झालें. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत उतरलें, आणि ‘प्रज्ञान’ या छोट्या गाडीनें तेवीस ठिकाणीं मातीचें पृथक्करण केलें. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेंत बनलेल्या उपकरणानें दिलेला निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला: तेथील माती मुख्यतः ॲनॉर्थोसाइटच्या जातीची आहे. विषुववृत्ताजवळील पांढऱ्या कपच्यांवरून चोपन्न वर्षांपूर्वीं बांधलेलें शिलारसाच्या महासागराचें अनुमान, त्या मोहिमांनीं कधीं न गांठलेल्या दक्षिणेकडील उंच अक्षांशांवरहि लागू पडलें.

वाचकांनीं या हकीकतींतील एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. २००८ सालचा शोध कांहीं नव्या मोहिमेनें लागला नाहीं. छत्तीस-सदतीस वर्षें जपून ठेवलेल्या जुन्याच मातींतून लागला. अमेरिकेंत ह्यूस्टन येथें हे नमुने शुद्ध नत्रवायूंत ठेवलेले आहेत. त्यांतील कांहीं तर, आपल्यापेक्षां पुढच्या पिढीचीं उपकरणें चांगलीं असतील, एवढ्याच विश्वासानें मुद्दाम न उघडतां राखून ठेवले होते. १९७२ सालीं आणलेला असा एक मोहोरबंद नमुना २०२२ सालीं उघडण्यांत आला. ज्यांनीं तो आणला, त्यांनीं त्याच्या उपयोगाचा मोह आवरला. तेव्हां कोठें नातवंडांच्या वयाच्या शास्त्रज्ञांस त्याचें फळ मिळालें.

आपल्या दाराशींहि असा एक ठेवा आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर पुष्कळ काळ ज्वालामुखीचें मुख समजलें जाई. तेथील खोदाईंत मिळालेल्या दगडांच्या तपासणीवरून तें उल्कापातानें झालें, असें १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें ठाम केलें. आघाताच्या दाबानें तेथील प्लेजिओक्लेजचे स्फटिक न वितळतां काचरूप झाले आहेत, व रसाचे गोठलेले बारीक मणीहि तेथें मिळतात. चंद्राच्या सागरांत उल्का पडते तेव्हां काळ्या पाषाणाचें काय होतें, हें जमिनीवर उभें राहून पाहावयाचें असेल, तर काळ्याच पाषाणांत पडलेलें आणि इतकें सुस्थितींत राहिलेलें असें विवर पृथ्वीवर क्वचितच दुसरें सांपडेल. म्हणून देशोदेशींचे चंद्राभ्यासक तेथें येतात.

आपणहि सुट्टींत मुलांस घेऊन तेथें जातों, दैत्यसूदनाचें देऊळ पाहतों, आणि परततांना कांठावरचा चमकणारा खडा आठवण म्हणून पिशवींत टाकतों. घरीं आल्यावर चार दिवसांनीं तो कोणत्या कुंडींत पडला, हें कोणास ठाऊक नसतें. तो खडा ज्या थरांत होता त्या थरांतून उचलला, कीं त्याची साक्ष संपली. मग तो नुसता दगड. लोणारला जरूर जावें. कांठावर उभें राहून मुलांस सांगावें कीं, हाच दगड वर चंद्रावर आहे, आणि असेच घाव त्यानेंहि सोसले आहेत. खडा मात्र जेथला तेथेंच ठेवावा. त्यांतून आज न वाचतां येणारें कांहीं वाचणारा, कदाचित् आपल्यासोबत आलेल्या मुलांपैकींच एखादा असेल.